दोनशे बारा पत्रांचं स्थलांतर

२ जानेवारी २०२६, शुक्रवार. सकाळी ७.१५

नवं वर्ष, नवा कॉम्प्युटर. जुना पंधरा वर्षं राबला. गेल्या महिन्यात त्याच्यात नवी सिस्टीम घालायला गेलो, तर आपली तेवढी कुवत नाही असं त्याने स्क्रीनवर स्वच्छ लिहून दिलं. एवढा प्रामाणिकपणा एकतीस वर्षांच्या नोकरीत एकाही माणसात पाहिला नव्हता.

ई-मेलचा प्रोग्रामही बदलणार. जुना आता कुणी सांभाळत नाही म्हणतात. काम एवढंच की २३,६१४ मेल इथून उचलायचे आणि तिथे ठेवायचे. इकडे तमिळ मुलखातच, आवडी नावाच्या गावच्या कारखान्यात रेकॉर्ड सेक्शनचा अधीक्षक असताना मी दोन खोल्या भरून दप्तर तिसऱ्या मजल्यावर हलवलं होतं. एक टाचणी हरवली नाही. इथे तर जिनाही चढायचा नाही.

अंदाज: एक दुपार. चहा धरून दीड.

त्याच दिवशी, ११.३०

विशालाक्षीला योजना सांगितली. तिने फक्त एकच विचारलं: कौमुदीची जर्मनीची पत्रं आहेत ना त्यात?

आहेत म्हणजे काय. लेक २०११ ते २०१५ तिकडे होती, शिकायला आणि मग नोकरीला. मला मराठीतूनच लिहायचं असा माझा आग्रह होता आणि तिने तो पाळला. विशालाक्षी तंजावरची, शाळा तमिळमध्ये झालेली. देवनागरी ती एकेक अक्षर लावत वाचते. म्हणून पत्रं मी बघायचो आणि तिला सारांश सांगायचो. आता डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला सगळंच स्वतः वाचायचंय. काल दुधाची पिशवी अथपासून इतिपर्यंत वाचली.

तिचं म्हणणं, सारांश पोदुम्, म्हणजे पुरे झाला. चार वर्षं तुम्ही मला ‘मजेत आहे, थंडी आहे’ एवढंच सांगितलंत. मला पत्रं पाहिजेत, मोठ्या अक्षरात, कागदावर. कौमुदी पुण्याहून तेरा तारखेला येतेय, पोंगलला. त्याच्या आत.

दहा तारखेला देतो म्हणालो. स्पायरल बाइंडिंग करून. ती ‘सरी’ म्हणाली, म्हणजे ‘बरं’. तिच्या ‘सरी’चे बरेच प्रकार आहेत. हा ‘बघू या’ असा होता.

३ जानेवारी, शनिवार. सकाळी १०

स्थलांतरापूर्वी मोजदाद. एकूण ४१ फोल्डर, प्रत्येकाला फाइल नंबर. कौमुदीचा ‘क/७/वैयक्तिक/परदेश’. तिच्या फोल्डरपुढे कंसात ठळक अक्षरांत २१२ असा आकडा आहे. एकूण पत्रं दोनशे बारा. बाकीच्या फोल्डरांपुढे असे आकडे कमी आहेत, काहींपुढे नाहीतच; तिथली मोजणी प्रोग्रामने आळसाने केली असावी.

ही व्यवस्था माझी. जाण्याआधी कौमुदीने प्रोग्राम बसवून दिला आणि त्यात ‘नियम’ कसे लावायचे ते शिकवलं. मी दोन लावले. नियम एक: मेल आला की पाठवणाऱ्याप्रमाणे आपोआप आपल्या फाइलला लागावा, समोर पसारा नको. नियम दोन: प्रत्येक मेलला तत्क्षणी पोच जावी. मजकूर मीच केला. ‘आपले पत्र मिळाले. आशय लक्षात घेतला आहे. योग्य ती कार्यवाही यथावकाश करण्यात येईल. दि. वि. खासनीस.’ वर इंग्रजी, खाली मराठी.

पंधरा वर्षांत मला आलेलं एकही पत्र अनुत्तरित राहिलेलं नाही. असं म्हणू शकणारे बाप किती असतील?

त्याच दिवशी, दुपारी ४

खालच्या मजल्यावरचे वेंकटरमण येऊन गेले. बँकेतून निवृत्त, आणि कॉम्प्युटरमधलं कळतं असा समज. त्यांच्या मते हलवाहलवीची गरजच नव्हती; मेल पहिल्यापासून इंटरनेटवरच ठेवायचे, कुठल्याही मशिनवर दिसतात. मी विचारलं, तुम्ही बँकेची कागदपत्रं समोरच्या टी-कडैवर, म्हणजे चहाच्या टपरीवर, ठेवत होतात का? ते हसले. पटलं असावं.

माझे मेल आल्याबरोबर घरच्या डिस्कवर उतरतात आणि इंटरनेटवरून पुसले जातात. एकच प्रत, आपल्या ताब्यात.

निरोप घेताना म्हणाले, मग सर, ती डिस्क जपा.

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ९

काल रविवार, म्हणून सुरू केलं नाही. आज सुरू.

९.४०: ४ टक्के.

१०.३०: ४ टक्के. विशालाक्षी विचारून गेली. पाया भक्कम घालतोय म्हणालो.

१२.१५: ६१ टक्के. कसे झाले कळलं नाही, श्रेय घेतलं.

१.०५: पूर्ण. २३,६१४ पैकी २३,६१४. एक टाचणी हरवली नाही. विशालाक्षीला हाक मारून आकडा दाखवला. तिने पत्रं कुठेत विचारलं. जेवण झाल्यावर दाखवतो म्हणालो.

२.३०

नवा प्रोग्राम मराठी नावं मानत नाही. एकेचाळीसच्या एकेचाळीस फोल्डरांचं नाव आता ‘????’ आहे. पैकी चाळीस रिकामे. सगळे मेल एकेचाळिसाव्यात, एकावर एक. आणि प्रत्येकावर तारीख आजची. माझ्या २०१२ सालच्या मूळव्याधीचा रिपोर्ट आज दुपारी एक वाजून तीन मिनिटांनी आलाय.

दप्तर सुरक्षित आहे. फक्त ढिगात आहे. ढिगातून फाइल काढणं हेच तर माझं आयुष्य.

६ जानेवारी, मंगळवार

हाताने लावायला घेतलं. सकाळभरात १४०. या गतीने जूनमध्ये संपेल. जर्मनीची पत्रं मध्ये मध्ये दिसतात. विषयाच्या ओळी अशा: ‘पोचले’, ‘खोली’, ‘बाबांनाच’, ‘पुन्हा तेच’. मुलीला विषय नीट लिहायला शिकवायचं राहून गेलं.

उघडून वाचायचा मोह झाला, आवरला. मधेच वाचत बसणारा कारकून फाइल कधीच हलवत नाही, हे मी कितीतरी नवीन पोरांना सांगितलंय. शिवाय ती मी वाचलेलीच आहेत. पहिली चार-पाच तर चांगली आठवतात. पुढची मार्च एंडिंगनंतर निवांत वाचायची होती, मग ऑडिट आलं, मग आणखी काही. पण वाचलीच असणार. त्याशिवाय ती फाइलला कशी लागली?

७ जानेवारी, बुधवार. दुपारी ३

उपाय सापडला. नव्या प्रोग्राममध्ये एक बटन आहे: ‘सर्व जुन्या मेलना नियम लागू करा’. माझे दोन्ही नियम नव्यात आलेले आहेत, मी पाहिले, शब्दही इकडचा तिकडे नाही. एकदा दाबलं की ढीग आपोआप ज्याच्या त्याच्या फाइलला.

उद्या सकाळी शुभ वेळ बघून. इथे राहून मीही राहुकाळ पाळायला लागलोय. गुरुवारी तो दीड ते तीन असतो. मी दहाला दाबीन.

८ जानेवारी, गुरुवार. सकाळी १०.०५

दाबलं. मेल पळताहेत. दृश्य सुरेख. स्वतःवरच खूश झालो आणि विशालाक्षीकडे दुसरी कॉफी मागितली. मिळाली.

१०.४०

नियम एक काम करतोय. नियम दोनही करतोय.

म्हणजे २०११ पासून ज्याने ज्याने मला लिहिलं, त्याला आज पुन्हा पोच जातेय, जुन्यातल्या जुन्यापासून सुरुवात करून. थांबवायचं बटन सापडेना. प्लग काढला. हा लॅपटॉप आहे हे लक्षात नव्हतं, बॅटरीवर चालू राहिला.

११.१०

मेलवाल्यांनीच माझं खातं चोवीस तासांसाठी बंद केलं. एका दिवसात पाचशेच्या वर पत्रं गेली, तुम्ही माणूस आहात ना, असं विचारलंय.

दुपारी १२

पहिली प्रतिक्रिया श्रीहरीची, फोनवर. एन्नोरच्या वीज केंद्रात होता, जुना मित्र. त्याने २०१२ मध्ये मुलाच्या मुंजीचं आमंत्रण मेलवर पाठवलं होतं. त्याचं म्हणणं, मुलगा ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, लग्न होऊन दोन वर्षं झाली, तर आता तू नेमकी कोणती कार्यवाही करणार? शेजारी आणखी कोणीतरी हसत होतं. मग तो म्हणाला, तेव्हाही हीच पोच आली होती, आणि तू आला नाहीस. हे त्याने हसत नव्हे, नुसतंच सांगितलं. मुंजीला मी गेलो होतो असं माझं स्पष्ट स्मरण आहे. जेवण कसं होतं ते मात्र आठवत नाही.

४.३०

कृष्णवेणी मॅडम, आमच्या जुन्या अधिकारी, यांचं लेखी उत्तर त्यांच्या मुलाच्या फोनवरून माझ्या व्हॉट्सअॅपवर आलं. २०११ मध्ये एक फाइल मागितली होती, आपण लक्ष घालताय हे वाचून समाधान वाटलं, मी दहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले, विषय बंद समजावा.

वेंकटरमण जिन्यातच भेटले. त्यांनी २०१२ मध्ये, मी सोसायटीचा सेक्रेटरी असताना, माझी स्कूटर त्यांच्या जागेत उभी असते अशी तक्रार केली होती. आज पोच मिळाल्यावर त्यांना फार आनंद झाला. ती स्कूटर मी विकून आठ वर्षं झाली. कार्यवाही झालेली आहे म्हणालो.

९ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ८

कौमुदीचा मेसेज: बाबा, काल सदतीस पोचा मिळाल्या, पहिल्या पत्रापासून ओळीने. चौदा वर्षांनी. तुम्ही ठीक आहात ना?

बघा. इतरांना एकेक मिळाली, तिला सदतीस. घरच्यांकडे माझं लक्ष जास्त होतं याचा हा पुरावाच. मी एक अंगठा पाठवला.

दुपारी १.००

खातं सुरू झालं. नियम दोन काढून टाकला, जरा वाईट वाटलं. नियम एक पुन्हा चालवला. सगळे मेल आपापल्या फाइलला. फोल्डरांची नावं इंग्रजी अक्षरांत दिली. कौमुदीच्या फोल्डरपुढे तोच आकडा, तोच कंस: २१२. शंभर टक्के स्थलांतर.

वेंकटरमणना मुद्दाम वर बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, ही सगळी न वाचलेली कशी?

मी सांगितलं, ही एकूण संख्या आहे. ते म्हणाले, नाही सर, कंसातला आकडा न वाचलेल्यांचा. वाचलं की कमी होतो. मग त्यांनी माझ्याच मूळव्याधीच्या फोल्डरवर बोट ठेवलं. तिथे आकडा नाही, कारण तिथलं सगळं मी वाचलंय.

नव्या प्रोग्रामची चूक असावी असं मी म्हणालो. ते ‘असेल असेल’ म्हणाले आणि लवकर गेले. एरवी ते कॉफीशिवाय जात नाहीत.

१२.५५ ला माझी पाठ चांगली होती. आता दुखतेय.

१० जानेवारी, शनिवार

आज बाइंडिंग द्यायचा दिवस. प्रिंटरला शाई नाही असं विशालाक्षीला सांगितलं. शाई आहे.

जुना कॉम्प्युटर लावून पाहिला. तिथेही २१२, तिथेही ठळक. म्हणजे चूक नव्या प्रोग्रामची नाही. जुन्याचीही नसावी.

पहिली चार-पाच वाचल्याचं मला इतकं आठवतं, त्याचं काय? विचार केला. ती पत्रं नव्हती. जाण्याआधी तिने प्रोग्राम चालतो का बघायला इथूनच, पलीकडच्या खोलीतून, मला चार मेल पाठवले होते. ‘बाबा, मिळाला का?’ असे.

११ जानेवारी, रविवार. सकाळी ११

विशालाक्षी देवळात. एक पत्र उघडलं. कुठलंही घेतलं, ढिगातून घ्यावं तसं. एकतिसावं निघालं. आत मूळ तारीख होती, फेब्रुवारी २०१२; विषय ‘बाबांनाच’.

इथे उतरवून ठेवतो, म्हणजे काम झालं.

‘बाबा, हे अम्माला सांगू नका, रविवारी बोलताना ती शेजारी असते म्हणून लिहितेय. मला इथे राहवत नाही. आठ दिवस कुणाशी बोललेले नाही. परत आले तर चालेल का? कर्ज आणि लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे. तुम्ही नुसतं ‘ये’ लिहिलंत तरी पुरे.’

त्याखाली माझी पोच. त्याच मिनिटाची.

लॅपटॉप मिटला. उघडला. कंसात आता २११.

१२.१५

निर्णय. हे पत्र कागदावर येणं योग्य नाही. तीच लिहितेय की अम्माला सांगू नका. मुलीचा विश्वास जपणं हे माझं कर्तव्य आहे. एक पत्र काढलं तर नंबर तुटतो, म्हणून सगळीच गेलेली बरी. विशालाक्षीला सांगायचं: अपग्रेडमध्ये उडाली. अशा गोष्टी होतात, कुणाचा दोष नसतो, पेपरातही येतं.

१२ जानेवारी, सोमवार

सांगितलं. वांगी चिरत होती. विळीवरून हात काढला आणि विचारलं, सगळी? मी सगळी म्हणालो. तिने विचारलं, आता पुन्हा मिळणारच नाहीत? मी तांत्रिक कारण दिलं, बरंच लांब. ती ऐकत होती असं वाटलं, पण मधेच म्हणाली, मी रोज पेपरची हेडलाइन वाचून सवय करत होते, तिची पत्रं भराभर वाचता यावीत म्हणून.

मग पुन्हा वांगी. ‘सरी’ही म्हणाली नाही.

मला वाईट वाटलं. हे लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही.

१३ जानेवारी, मंगळवार. संध्याकाळी ५

कौमुदी आली. केस कापलेत, बरी दिसते. विमानतळावरून येईपर्यंत मी तिच्याशी फक्त ट्रॅफिकबद्दल बोललो आणि विषय संपू दिला नाही.

चहा होतो न होतो तोच विशालाक्षीने सांगितलं, तुझी पत्रं गेली, बाबांचा कॉम्प्युटर बदलताना. कौमुदी म्हणाली, जातील कशी? मी पाठवलेली माझ्याकडे आहेत की. आणि फोन काढून दाखवली. सगळी दोनशे बारा, तारखेवार, फोल्डरचं नावही शाबूत. ‘बाबा’.

पाठवणाऱ्याकडे प्रत राहते. रेकॉर्डचं पहिलं तत्त्व. जावकाची नोंद. एकतीस वर्षं मी ते इतरांना शिकवलं.

तिने अम्माच्या टॅबवर सगळी घातली, अक्षर मोठं करून दिलं. चार मिनिटं लागली. विशालाक्षी पहिलं पत्र लावत बसली. मी भाजी आणायला गेलो. भाजी घरात होती.

१४ जानेवारी, बुधवार. भोगी

सकाळी जुनं सामान बाहेर काढलं. जुना कॉम्प्युटरही. डिस्क काढून घेतली.

विशालाक्षी पंधराव्या पत्रावर. मधे मधे आतून दोघींचं हसू येतं. खोलीमालकिणीचं मांजर, करपलेली खिचडी. सारांशात हे नव्हतं.

ठराव: एकतिसावं येण्याआधी कौमुदीला बाजूला घेऊन खुलासा करणे. तिळगूळ देताना करावा असं ठरवलं. तिळगूळ दिला. खुलासा उद्या.

१५ जानेवारी, गुरुवार. पोंगल. दुपारी ४

खुलासा करायचा राहिला. जेवण जड झालं होतं.

तीन वाजता विशालाक्षीने आत बोलावलं. तिसापर्यंत आलेय, डोळे दुखतात, पुढचं वाचून दाखवा म्हणाली. मी म्हणालो, कौमुदी वाचेल, तिचंच आहे. कौमुदी म्हणाली, पत्रं तुम्हाला आहेत, बाबा, तुम्हीच वाचा.

एकतिसावं वाचलं. आवाज खणखणीत ठेवायचा प्रयत्न केला, दुसऱ्या ओळीपर्यंत राहिला. ‘अम्माला सांगू नका’ हेही वाचलं, वगळायला जागा नव्हती. विशालाक्षी एकदम उठली आणि पुन्हा बसली. मग तिने कौमुदीचा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

कौमुदी म्हणाली, तेव्हा ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ असं आलं, दर पत्राला तेच यायचं, तरी या वेळी खरं वाटलं, म्हणून मी तीन आठवडे बॅग भरून ठेवली होती. तिकीट येईल असं वाटलं. नंतर एका मैत्रिणीला बॅग लागली म्हणून रिकामी केली. हे ती सहज सांगत होती, कुणाची तरी गंमत सांगावी तसं.

माझ्याकडे मार्च एंडिंग तयार होतं. ऑडिट तयार होतं. विशालाक्षी माझ्याकडे बघत होती. पुढचं वाचा, म्हणाली.

बत्तिसावं मी कधीच पाहिलेलं नव्हतं. दोन ओळींचं होतं. ‘बाबा, उत्तर मिळालं. पण हे तुम्ही लिहिलंय की कॉम्प्युटरने?’

ती समोरच बसली होती. मी टॅब मांडीवर ठेवला आणि कॉम्प्युटरने, असं सांगितलं.

ती म्हणाली, मला तेव्हाच कळलं होतं. तेहतिसावं वाचा.